सांगलीत तबला, पखवाज, ढोलकी शिकायला येणाऱ्यांसाठी: सामूहिक तालवर्गातले पहिले वर्ष

सांगलीत तालवाद्य शिकू इच्छिणाऱ्या माणसाला वाटा अनेक आहेत. कुणी शिक्षकांच्या घरी एकट्याने शिकतो, कुणी गावातल्या भजनी मंडळात पखवाजी बुवांच्या मागे बसून हात धरतो, तर कुणी सामूहिक तालवर्गात दाखल होतो, जिथे एकाच हॉलमध्ये शाळकरी मुले, नोकरी करणारी माणसे आणि निवृत्त मंडळी शेजारी शेजारी बसतात आणि वर्गाची वाद्ये आळीपाळीने वापरतात. हा लेख या तिसऱ्या वाटेने येणाऱ्यांसाठी आहे. अशा वर्गात कसे यावे, पहिल्या महिन्यांत काय करावे, वाद्य केव्हा आणि कसे घ्यावे, घरी रियाज कसा करावा आणि पहिल्या साथीला कसे बसावे, हे यात क्रमाने सांगितले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. पहिले काही महिने हाताला फार थोडे काम मिळते. मुख्य काम तोंडाला, कानाला आणि टाळीला असते. हे ज्यांना आधी माहीत असते ते टिकतात, आणि ज्यांना माहीत नसते ते ‘आमच्या मुलाला अजून काहीच वाजवता येत नाही’ असे म्हणत दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात येणे थांबवतात. बोल, म्हणजे ‘धा’, ‘ना’ यांसारखे वाद्याच्या नादाचे अक्षर, तोंडात पक्का बसलेला नसताना हातावर घेतला, तर चुकीचे वळण हाताला लागते, आणि लागलेले वळण मोडण्याचे कष्ट नवे शिकण्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. म्हणून या लेखातला सर्वांत मोठा भागही त्याच टप्प्याला दिला आहे.

वर्ग निवडताना

प्रवेश घेण्याआधी एक पूर्ण तास वर्गात नुसते बसून पाहण्याची परवानगी मागावी. चांगले शिक्षक ती आनंदाने देतात. त्या तासात तीन गोष्टी पाहाव्यात. विद्यार्थी वाजवण्याआधी बोल तोंडाने म्हणतात का, शिक्षक प्रत्येकाच्या हाताकडे निदान एकदा तरी जवळून पाहतात का, आणि चुकलेल्या मुलाला सर्वांसमोर बोलणी बसतात की पुन्हा शांतपणे दाखवले जाते. घराणे कोणते, हा प्रश्न पहिल्या वर्षी विचारण्याची गरज नाही; ‘ना’ आणि ‘तिं’ स्वच्छ वाजवण्याची शिस्त सगळीकडे लागतेच. मासिक शुल्क, चुकलेले तास भरून मिळतात का, वर्गाची वाद्ये रियाजाला वापरता येतात का आणि परिस्थिती नसलेल्या विद्यार्थ्यांना सवलत आहे का, हे मात्र संकोच न करता विचारावे. सामूहिक वर्ग हा सर्वांच्या वर्गणीवर चालतो, त्यामुळे पैशांची गोष्ट मोकळेपणाने बोलणे दोन्ही बाजूंच्या हिताचे असते.

वयाबद्दल नेहमी विचारणा होते. सहा-सात वर्षांचे मूल एका जागी वीस मिनिटे बसू शकत असेल, तर ते शिकू शकते. वरची मर्यादा नाही. पन्नाशीनंतर येणाऱ्यांची बोटे सावकाश वळतात, हे खरे आहे; पण आयुष्यभर भजन-कीर्तन आणि नाट्यगीते ऐकलेली असल्याने त्यांना लय आधीच ओळखीची असते आणि ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, ते मुलांपेक्षा लवकर ओळखतात. ज्यांना मांडी घालून बसणे जमत नाही, त्यांनी पहिल्याच दिवशी तसे सांगावे. खुर्ची आणि ठेंगणा टेबल घेऊन तबला उत्तम शिकता येतो.

डावखुऱ्यांचा निर्णयही पहिल्याच आठवड्यात व्हायला हवा. उजव्या हाताने तबला आणि डाव्या हाताने डग्गा ही रूढ मांडणी आहे. डावखुऱ्या विद्यार्थ्याला ती उलटी करून बसता येते. शिक्षकांशी बोलून एकदा ठरवावे आणि नंतर बदलू नये.

कोणते वाद्य घ्यावे

सांगली-मिरज परिसरात तबला, पखवाज आणि ढोलकी या तिन्ही वाद्यांना काम आहे. ख्याल, नाट्यगीत, भावगीत यांच्या साथीला तबला लागतो. वारकरी भजन, कीर्तन आणि गावोगावच्या हरिनाम सप्ताहात पखवाज लागतो. लावणी, पोवाडा आणि लोकगीतांना ढोलकी लागते. याशिवाय काही वर्गांत ड्रमसेट आणि ऑक्टोपॅडही असतात. हलगी आणि घुमके ही आपल्या भागाची खरी जिवंत वाद्ये आहेत. ती मात्र आजही बहुतेक ठिकाणी वाजवणाऱ्यांच्या घरातच शिकली जातात, आणि एखाद्या वर्गात ती शिकवणारा जाणकार भेटला तर ती संधी सोडू नये.

ज्याचा निर्णय झालेला नाही, त्याने तबल्यापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. तबल्यात प्रत्येक बोट वेगळे काम करते, दोन्ही हातांचे नाद स्पष्ट वेगळे ऐकू येतात आणि शिक्षणक्रम सर्वांत सुसूत्र आहे. तिथून ढोलकीकडे जाणे सोपे पडते. ज्याला भजनातच वाजवायचे आहे, त्याने मात्र थेट पखवाज घ्यावा. पखवाजावर हात उघडा आणि पंजाने पडतो, डाव्या तोंडाला प्रत्येक वेळी कणकेचा गोळा लावावा लागतो आणि वाजवून झाल्यावर तो काढून तोंड स्वच्छ पुसावे लागते. तबल्याच्या बोटांची सवय झालेल्याला हा मोकळा हात पुन्हा नव्याने शिकावा लागतो.

पहिला दिवस आणि वर्गाची रीत

नखे कापून यावे. अंगठी, कडे, ब्रेसलेट आणि मनगटी घड्याळ काढून ठेवावे, कारण धातूची कड पुडीला, म्हणजे तोंडावरच्या चामड्याला, लागली की ते फाटते. चपला बाहेर काढाव्यात, वाद्य ओलांडून जाऊ नये आणि वाद्याला पाय लागला तर हात लावून नमस्कार करावा. ही रीत आपल्याकडे घराघरांत आहे आणि वर्गात ती लहानथोर सर्वजण पाळतात. शिक्षकांना ‘सर’, ‘मॅडम’ किंवा ‘गुरुजी’ म्हणतात, आणि आधीपासून शिकणाऱ्यांना, ते वयाने लहान असले तरी, वाजवताना मध्येच थांबवून प्रश्न विचारत नाहीत. दुसऱ्याच्या स्वतःच्या तबल्यावर न विचारता थाप मारू नये. शाईवर, म्हणजे पुडीच्या मधल्या काळ्या गोलावर, पाणी, तेल किंवा चहाचा थेंबही पडता कामा नये. शाई लोखंडाच्या बारीक भुकटीची आणि खळीची असते, आणि ओल लागली की तिचे पापुद्रे सुटतात.

तास संपल्यावर तबला चुंबळीवर नीट बसवून त्यावर आवरण घालणे, हातोडी जागेवर ठेवणे आणि सतरंजी गुंडाळणे ही कामे सर्वांची असतात. जो नवा विद्यार्थी दहा मिनिटे आधी येऊन वाद्ये मांडायला हात लावतो, त्याला वाद्याचे भाग आपोआप ओळखीचे होतात: काठाची चाट, चाट आणि शाई यांमधली लव, मधली शाई, कडेने विणलेला गजरा, खोडाभोवती ताणलेली वादी आणि तिच्याखाली बसवलेले लाकडी गठ्ठे. पुढे ‘चाटेवर ना वाजव’, ‘लवेवर तिं घे’ अशा सूचना मिळाल्यावर मग बावरायला होत नाही.

पहिले तीन महिने: तोंड, टाळी आणि मग हात

पढंत, म्हणजे बोल लयीत तोंडाने म्हणणे, हा सामूहिक वर्गाचा कणा आहे. शिक्षक बहुधा दादरा आणि केरवा यांपासून सुरू करतात. दादरा सहा मात्रांचा, म्हणजे सहा सारख्या ठोक्यांचा आहे: धा धी ना । धा ती ना. केरवा आठ मात्रांचा आहे: धा गे ना ती । ना के धी ना. पहिल्या महिन्यात हे दोन ताल चालताना, जिना चढताना, भांडी घासताना म्हणता आले पाहिजेत. तोंडाने म्हणताना प्रत्येक बोलाचे वजन वेगळे ठेवावे. ‘धा’ भरदार आणि ‘ना’ टोकदार असे म्हणण्याची सवय झाली, की हाताकडून कोणता नाद यायला हवा ते कानाला आधीच ठाऊक असते.

त्यानंतर त्रिताल येतो, आणि इथे थोडे थांबून समजून घेणे फार उपयोगाचे आहे. त्रिताल सोळा मात्रांचा, चार-चार मात्रांच्या चार विभागांचा आहे. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी असते, नवव्या मात्रेवर ‘खाली’, म्हणजे टाळीविना रिकामी जागा असते; टाळीला हात वाजवायचा आणि खालीला पालथा हात बाजूला उलगडायचा, मधल्या मात्रा बोटांवर मोजायच्या. ठेका असा आहे: धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा. आता हा ठेका म्हणताना डग्ग्याकडे लक्ष द्यावे. ‘धा’ आणि ‘धिं’ या बोलांत दोन्ही हात असतात, ‘ता’ आणि ‘तिं’ यांत डग्ग्याचा घुमारा नसतो. म्हणजे खालीची मात्रा नववी असली तरी त्या मात्रेवर डग्गा वाजतो. तो गप्प होतो दहाव्या मात्रेपासून, तेराव्यापर्यंत गप्प राहतो आणि चौदाव्या मात्रेला पुन्हा घुमतो. डग्गा परतला की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, तीन मात्रांवर आली, हे गायकाला न मोजता कळते. तालाची ही आतली रचना ज्याने बोल तोंडाने म्हणत ओळखली, त्याला पुढे सम चुकण्याची भीती फारशी राहत नाही. ज्याने नुसते सोळा आकडे मोजले, तो गाणे सुरू झाले की आकडे विसरतो.

सामूहिक वर्गाचा मोठा लाभ इथेच मिळतो. अर्धा वर्ग टाळी धरतो, अर्धा ठेका म्हणतो, आणि नंतर बाजू बदलतात. दहा जणांत एक जण घाईने पुढे पळाला तर सर्वांना ऐकू येते, आणि आपणच पळत होतो हे त्यालाही काही आवर्तनांत, म्हणजे तालाच्या फेऱ्यांत, कळते. एकट्याने शिकताना ही जाण यायला फार वेळ लागतो. म्हणून आपली वाजवण्याची पाळी नसतानाचा वेळ मोबाइलवर घालवू नये. त्या वेळी टाळी धरून बसणे हा शिक्षणाचाच भाग आहे.

हातावर बोल येतात तेव्हा क्रम साधारण असा असतो. प्रथम तबल्यावर ‘ना’, मग ‘तिं’, मग बंद ‘ति-ट’. डग्ग्यावर उघडा ‘गे’ आणि बंद ‘के’. आणि शेवटी दोन्ही हात मिळून ‘धा’ आणि ‘धिं’. डग्ग्यावर मनगटाची कड शाईच्या मागे टेकलेली राहते आणि बोटांनी आघात होतो. ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या कडेला अलगद टेकलेली आणि तर्जनी चाटेवर पडून लगेच सुटलेली असावी. तर्जनी दाबून धरली तर नाद मरतो. पहिल्या आठवड्यांत बोटांची टोके हुळहुळतात, त्याची चिंता नसावी. मात्र मनगटात, कोपरात किंवा खांद्यात कळ येऊ लागली तर ताबडतोब थांबून शिक्षकांना दाखवावे, कारण ती जवळजवळ नेहमी ताठर खांद्यामुळे किंवा चुकीच्या बैठकीमुळे येते आणि बैठक सुधारली की जाते.

पुढे ‘धाधा तिट धाधा तिंना । ताता तिट धाधा धिंना’ हा कायदा, म्हणजे पुढे विस्तार करायची बोलांची रचना, येतो. तो आयुष्यभर पुरतो, हे मी मनापासून सांगतो. तो एका संथ लयीत पाच मिनिटे न अडखळता वाजला की मगच दुगुणीकडे, म्हणजे दुप्पट लयीकडे, जावे.

घरचा रियाज

रोज वीस मिनिटे हा पहिल्या वर्षाचा पुरेसा रियाज आहे, पण तो रोज व्हायला हवा. रविवारी दोन तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही, कारण बोटांची सवय दिवसागणिक बसते. घरी तबला नसेल तर पढंत आणि टाळी हाच रियाज समजावा; टेबलावर किंवा मांडीवर बोटे आपटून मात्र बोल काढू नयेत, त्याने बोटांची जागा बिघडते. मोबाइलवर लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनाएवढी पुन्हा पुन्हा फिरणारी धून, वाजवणारी अनेक ॲप उपलब्ध आहेत; लेहरा संथ लावून त्यावर नुसता ठेका धरणे हा उत्तम अभ्यास आहे.

शेजाऱ्यांशी आधी बोलून रियाजाची वेळ ठरवावी. ध्वनिप्रदूषणाच्या सन 2000च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. विश्रामबागेतल्या अपार्टमेंटमध्ये काय किंवा गावभागातल्या वाड्यात काय, भिंतीपलीकडे तान्हे मूल, आजारी माणूस किंवा परीक्षेचा विद्यार्थी असू शकतो, आणि त्यांची आधीच विचारपूस केलेली असली की रियाजाला क्वचितच कुणाची हरकत येते.

ड्रमसेट किंवा ताशा शिकणाऱ्यांनी कानांची काळजी वेगळी घ्यावी. 85 डेसिबलच्या आवाजात आठ तासांपेक्षा जास्त राहणे कानांना धोक्याचे मानले जाते, आणि आवाज दर 3 डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. या हिशेबाने 100 डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. बंद खोलीतला ड्रमसेट तिथवर सहज पोहोचतो. औषधांच्या दुकानात मिळणारे कानातले बोळे वापरावेत, आणि रोजचा सराव काठ्या घेऊन रबरी पॅडवर करावा. वाजवून झाल्यावर कानात शीळ वाजत असेल, तर आवाज जास्त झाला, असे समजावे.

वाद्याची खरेदी

पहिल्या महिन्यात वाद्य विकत घेऊ नये. दोन-तीन महिने नियमित येणे जमले की शिक्षकांना विचारावे, आणि शक्य असल्यास त्यांना किंवा एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला सोबत घेऊन जावे. मिरज इथून दहा किलोमीटरवर आहे. त्या शहराची कीर्ती सतार आणि तंबोऱ्याची आहे, आणि मिरजेच्या या दोन्ही वाद्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण वाद्यांच्या त्या बाजारात तबल्याचीही चौकशी जरूर करावी. तिथे गेल्यावर कारागीर तुंबा कसा घासतात, तारा कशा चढवतात, हे थोडा वेळ थांबून पाहावे. सूर म्हणजे काय, हे तालवाल्यांनाही तिथे शिकता येते.

तबल्याचे खोड शिसवाचे किंवा तशाच जड लाकडाचे असावे आणि त्याला तडा नसावा. सव्वापाच ते साडेपाच इंच तोंडाचा तबला साधारण काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला, बोलतो. मोठ्या तोंडाचा तबला खालच्या सुरात लागतो. चाटेवर सर्व बाजूंनी बोटाने टिचकी देऊन नाद सारखा आहे का ते ऐकावे. डग्गा तांब्याचा किंवा पितळेचा घ्यावा. पातळ स्टीलच्या डग्ग्याला घुमारा येत नाही आणि शिकणाऱ्याचा उत्साह त्यामुळेच कमी होतो. वादीऐवजी नट-बोल्टचा तबला स्वरात लावायला सोपा असतो, म्हणून लहान मुलांसाठी अनेक पालक तो घेतात. माझे मत वादीच्या बाजूने आहे, कारण गजऱ्यावर हातोडी मारून सूर मिळवण्याची कला पहिल्यापासून कानाला ओळखीची होते.

स्वरात लावणे पहिले सहा महिने शिक्षकांवर सोपवावे आणि पाहत राहावे. गजऱ्यावर वरून खाली ठोकले की सूर चढतो, खालून वर ठोकले की उतरतो. जास्त फरक करायचा असेल तर गठ्ठे खाली-वर सरकवतात. एका जागी ठोकल्यावर समोरच्या जागीही तपासावे लागते, नाहीतर पुडी एका अंगाला ओढली जाते.

सांगलीच्या पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. दमट हवेत चामडे सैल होऊन सूर उतरतो, आणि उन्हाळ्यात ते ताणले जाऊन चढतो. पावसाळ्यात तबला जाड कापडी आवरणात, भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून उंच ठेवावा. ओल लागली म्हणून तो शेगडीजवळ शेकू नये, सावलीत पंख्याखाली सुकू द्यावा. कृष्णाकाठच्या सखल भागात राहणाऱ्यांनी 2019 आणि 2021 चे पूर लक्षात घेऊन पावसाळ्याच्या तोंडालाच वाद्ये वरच्या मजल्यावर किंवा उंचावरच्या नातेवाइकांकडे हलवावीत. पाण्यात बुडालेले खोड कधी कधी वाचते, पुडी मात्र जाते.

वर्षभराचा क्रम, परीक्षा आणि ऐकणे

वर्गाचे वर्ष सणांभोवती फिरते. आषाढात गुरुपौर्णिमेला विद्यार्थी वाजवतात आणि नव्यांना बहुधा सर्वांसोबत ठेका धरायला बसवतात. भाद्रपदात गणेशोत्सवामुळे उपस्थिती विस्कळीत होते. खंडेनवमीला वाद्यांचे पूजन होते. गणेशोत्सवात पथकात वाजवायला जाणाऱ्यांनी शिक्षकांना सांगून जावे, म्हणजे परतल्यावर जड झालेला हात पुन्हा हलका करण्याचे धडे त्यांना देता येतात.

परीक्षा द्यायची असल्यास अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेपासून सुरुवात होते. पुढे प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार असा क्रम आहे. मंडळाची परंपरा ज्यांच्यापासून सुरू होते, ते पंडित विष्णु दिगंबर पलुसकर जवळच्या कुरुंदवाडचे. त्यांचे शिक्षण मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे झाले आणि 1901 मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. वही लिहिताना एक घोटाळा हमखास होतो: ताल लिहिण्याच्या पलुसकर पद्धतीत समेला 1 आणि खालीला + असे चिन्ह असते, तर भातखंडे पद्धतीत समेला × आणि खालीला 0. दोन पुस्तकांतून उतरवून घेणारे विद्यार्थी + लाच सम समजून बसतात, म्हणून आपला वर्ग कोणती पद्धत वापरतो हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. दहावीच्या वाढीव गुणांसाठी परीक्षा देणाऱ्यांनी त्या वर्षीचे नियम शाळेतून आधी समजून घ्यावेत आणि त्या घाईत एखादी पायरी कच्ची राहू देऊ नये.

ऐकण्याची सवय वर्गाइतकीच महत्त्वाची आहे. मिरजेच्या दर्ग्यात उरसाच्या वेळी उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते; तिथे जाऊन मांडीवर हलकी टाळी धरून बसावे आणि तबलजी गायकाकडे केव्हा पाहतो, केव्हा ठेका साधा ठेवतो, केव्हा भरतो, हे पाहावे. तसेच आपल्या जवळच्या देवळातले एकादशीचे भजन चुकवू नये.

पहिली साथ

वर्ष-दीड वर्षाने एखाद्या भजनाला किंवा शाळेच्या कार्यक्रमाला साथीला बसण्याची वेळ येते. गायक कोणत्या पट्टीत गाणार हे आदल्या दिवशी विचारून त्या सुराचा तबला सोबत न्यावा, कारण काळी एकचा तबला पांढरी चारला ओढून लावण्याच्या प्रयत्नात पुडी फाटते. हातोडी, पावडरीचा छोटा डबा, कोरडे फडके आणि चुंबळी सोबत असाव्यात. अर्धा तास आधी पोहोचून पेटीच्या सुरात तबला लावावा. गायक दिसेल अशा बाजूला बसावे आणि ध्वनिक्षेपकाचा माइक तबल्यापासून वीतभर तरी दूर ठेवायला सांगावे. सुरुवातीच्या कार्यक्रमांत साधा ठेका धरावा आणि तोच शेवटपर्यंत सांभाळावा. तिहाई (तीनदा वाजवून समेवर संपवायचा तुकडा) किंवा भरणे (ठेक्यात जादा बोल घालणे) गायकाने मान हलवून जागा दिली तरच करावे. लय हातातून निसटली तर वाजवणे न थांबवता डग्गा हलका करावा, गायकाचे तोंड पाहावे, समेचा शब्द कानावर पडेपर्यंत ‘ना’वर राहावे आणि तिथे ‘धा’ने पुन्हा आत यावे.